शाळेत गोवराचा एक रुग्ण निघाला, तर पुढचे 21 दिवस

बुधवारी सकाळी प्रार्थनेच्या आधीच वर्गशिक्षिकेला फोन येतो: "मॅडम, पोराच्या अंगावर पुरळ उठलंय, डॉक्टर गोवर म्हणतात." त्यानंतर बहुतेक शाळांत तीन गोष्टी होतात. वर्ग फिनाईलने पुसून घेतला जातो, दोन दिवसांची सुट्टी जाहीर होते, आणि दुपारपर्यंत त्या मुलाचं नाव पालकांच्या ग्रुपवर फिरतं. या तिन्हींमुळे गोवराचं काही बिघडत नाही. फिनाईल फरशी पुसतं, पण गोवर हवेतून पसरतो. दोन दिवसांत सुट्टी संपते, पण गोवर दहा-बारा दिवस अंगात गुपचूप बसतो. आणि एकदा नाव फुटलं की पुढच्या घरातला रुग्ण शाळेला कळवला जात नाही, हे ठरलेलंच.

गोवर आहे की नाही, हे शाळेने ठरवायचं नसतं. शाळेने तारखा मांडायच्या, याद्या काढायच्या आणि माणसांना वेळेत सांगायचं. हे तिन्ही नीट झालं तर एका रुग्णाचे दहा होत नाहीत.

आधी कागदावर तारखा

अंगावर पुरळ दिसलं तो दिवस शून्य धरायचा. त्याच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल आजार पसरवतं. म्हणजे पुरळ दिसेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. आधीच्या दिवसांत फक्त ताप, नाक गळणं, खोकला आणि लाल डोळे असतात, आणि असं मूल "सर्दीच तर आहे" म्हणून शाळेत येतं.

उदाहरण घेऊ. बुधवार, 12 फेब्रुवारीला पुरळ दिसलं. मूल शनिवारी आणि सोमवारी शाळेत होतं, मंगळवारी तापाने घरी राहिलं. एका कोऱ्या कागदावर एवढं लिहा:

8 फेब्रुवारी, शनिवार: संसर्ग पसरण्याचा पहिला दिवस.
10 फेब्रुवारी, सोमवार: मूल शाळेत आलं तो शेवटचा दिवस.
12 फेब्रुवारी, बुधवार: पुरळ.
16 फेब्रुवारी, रविवार: संसर्ग पसरण्याचा शेवटचा दिवस. तब्येत बरी असेल तर सोमवारी 17 ला मूल शाळेत येऊ शकतं.
18 ते 22 फेब्रुवारी: ज्यांना लागण झाली असेल त्यांना ताप येण्याचे दिवस.
22 ते 24 फेब्रुवारी: त्यांच्या अंगावर पुरळ उठण्याचे दिवस.
3 मार्च: शेवटच्या संपर्कापासून 21 दिवस पूर्ण.

लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण 14 दिवस जातात. कधी 7, कधी 21. वरच्या तारखा याच हिशोबाने आल्या. आता या कागदाशेजारी शाळेचं वेळापत्रक ठेवा. 19 फेब्रुवारीला शिवजयंती. ढोल-लेझीमचा सराव, मिरवणूक, सगळे वर्ग एका मैदानात. आणि दुसऱ्या फेरीतली, म्हणजे या मुलाकडून लागण झालेली मुलं आजार पसरवायला लागण्याचा काळ नेमका तोच, 18 ते 20. कार्यक्रम रद्दच करा असं नाही. पण त्या वर्गाची मुलं बंद सभागृहात दाटीवाटीने बसवायची नाहीत, उघड्या मैदानात वेगळी उभी करायची, आणि त्या सकाळी तापाची चौकशी करूनच आत घ्यायचं, एवढं आठवडाभर आधी ठरवता येतं. कागद नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मूल शाळेतच असताना पुरळ दिसलं तर

त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा स्टाफरूममध्ये बसवू नका. तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते. वाऱ्याचा, सावलीचा कोपरा हवा: वऱ्हांड्याचं टोक, मैदानातलं झाड, जिन्याखालची मोकळी जागा. जमत असेल तर मुलाला साधा मास्क द्या. सोबतीला असा मोठा माणूस ठेवा ज्याला गोवर होऊन गेला आहे किंवा ज्याची लस झाली आहे. गरोदर शिक्षिका किंवा मदतनीस जवळ नको. आणि "जा रे, त्याला घरी सोडून ये" म्हणून वर्गातलाच दुसरा मुलगा सोबत धाडायचा, ही चूक अजून होते. पालक येईपर्यंत थांबायचं. रोजच्या व्हॅनमधून इतर मुलांबरोबर परत पाठवायचं नाही.

गोवराचा विषाणू मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून तो वर्ग दोन तास रिकामा ठेवा, दारं-खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू. मुलांना बाहेर सावलीत बसवा. मग बाकं, दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या साबणाच्या पाण्याने पुसल्या की पुरे. साबण आणि ऊन दोन्हींनी हा विषाणू मरतो. धूर करणं, औषध फवारणं यावर पैसे घालवू नका.

त्याच दिवशी कोणाला कळवायचं

ग्रामीण शाळेने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला, शहरातल्या शाळेने महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना. फोन करा आणि मग दोन ओळींचं पत्र किंवा मेल पाठवा, म्हणजे तारीख नोंदीत राहते. शिक्षण विभागाकडे केंद्रप्रमुखांमार्फत प्रत जाऊ द्या, पण तिकडून उत्तर येईपर्यंत आरोग्य केंद्राला थांबवायचं नाही. नंबर हाताशी नसेल तर 104 या आरोग्य हेल्पलाईनवर विचारता येतं.

"रिपोर्ट येऊ दे, मग कळवू" हे सगळ्यात महागात पडतं. ताप आणि पुरळ एकत्र दिसले की संशयित रुग्ण म्हणून नोंद होते, खात्रीची वाट पाहायची नसते. रक्ताचा नमुना पुरळ उठल्यापासून 28 दिवसांच्या आत घेतात. पण पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात गोवर असूनही तपासणी नकारार्थी येऊ शकते. म्हणून "निगेटिव्ह आलाय, उद्यापासून पाठवतो" असं पालक दुसऱ्याच दिवशी म्हणाले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मूल वर्गात घेऊ नका.

दिसायला सारखे आजार पुष्कळ आहेत. गोवराचं पुरळ आधी कानामागे, कपाळावर आणि चेहऱ्यावर उठतं, मग खाली अंगावर उतरतं. पाणी भरलेले फोड नसतात. कांजिण्यांत फोडांत पाणी असतं, आणि नवे, जुने, खपली धरलेले असे सगळे एकाच वेळी अंगावर दिसतात. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर हात-पाय-तोंडाचा आजार असण्याची शक्यता जास्त. हे एवढ्यासाठीच माहीत असावं की फोनवर आरोग्य सेविकेला नेमकं सांगता येईल. मुलाच्या अंगाचे फोटो ग्रुपवर टाकून "हे काय असेल?" असं विचारायचं नाही.

संपर्काची यादी: वर्गापुरती नसते

हजेरीपट काढला की वर्गातली नावं मिळतात, आणि तिथेच बहुतेक याद्या थांबतात. खरी यादी त्यापुढे सुरू होते. सकाळ-संध्याकाळची स्कूल व्हॅन: बंद काचांची, दहा-बारा मुलांची, अर्ध्या तासाची, वर्गापेक्षा ती जास्त धोक्याची. व्हॅनवाल्या काकांनाच विचारा, त्यांना कोण कुठे बसतं हे पाठ असतं. भावंडं दुसऱ्या इयत्तेत किंवा आवारातल्या अंगणवाडीत असतील. संध्याकाळची शिकवणी, क्रीडासंघ, मदरशाचा वर्ग, पोषण आहाराची पंगत कोणत्या वर्गासोबत बसते, स्वच्छतागृह कोणत्या मजल्याचं. शनिवार-सोमवार या दोन दिवसांत त्या खोलीत शिकवायला आलेले सगळे शिक्षक, शिकाऊ शिक्षकसुद्धा.

यादीत तीन प्रकारच्या नावांवर लाल खूण करा. एक, लस न झालेली किंवा एकच डोस झालेली मुलं. दोन, गरोदर स्त्रिया. त्यांना त्याच दिवशी, खासगीत सांगायचं आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावायचं, कारण गोवराची लस गरोदरपणात देता येत नाही. तीन, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉईडचे मोठे डोस किंवा तसल्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं. त्यांना लसीऐवजी इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागू शकतं, आणि ते संपर्कापासून सहा दिवसांच्या आत. आपल्या उदाहरणात शनिवारच्या संपर्कासाठी ती मुदत 14 फेब्रुवारीला संपते. या मुलांच्या घरी फोन सगळ्यात आधी.

लसीची यादी, आणि 72 तासांचा कडू हिशोब

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला (एमआर) लसीचे दोन डोस आहेत: 9 ते 12 महिन्यांत पहिला, 16 ते 24 महिन्यांत दुसरा. खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दिलेली असेल तर तीही धरायची. पुरावा म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड किंवा दवाखान्याची फाईल. "झाल्यात सगळ्या लसी" हे तोंडी उत्तर पुरावा नाही. पालक खोटं बोलत नसतात, पोलिओचे थेंब आणि गोवराचं इंजेक्शन यांत त्यांची गल्लत होते.

नवव्या महिन्यातल्या एका डोसने साधारण 85 टक्के मुलांनाच संरक्षण मिळतं. चाळीसच्या वर्गात सगळ्यांचा एकेकच डोस झाला असेल तर सहा मुलं उघडी राहतात, आणि अशा उघड्या मुलांपैकी जवळ आलेल्या दहांत नऊ जणांना गोवर होतो. दोन डोस झाले की संरक्षण 97 टक्क्यांच्या आसपास जातं.

जन्मसालाकडेही बघा. नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, शाळाशाळांत 9 महिने ते 15 वर्षांखालच्या मुलांना जादा डोस दिला गेला. त्यानंतर जन्मलेल्यांना तो मिळालेला नाही. आणि 2019-20 मध्ये जन्मलेल्यांच्या डोसाच्या तारखा नेमक्या करोनाच्या टाळेबंदीत आल्या. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला, तेव्हा चुकलेले डोस हेच मोठं कारण पुढे आलं. या सालांतली मुलं पटावर असतील तर त्यांची कार्डं दोनदा तपासा.

आता तो हिशोब. संपर्कानंतर 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. फोन आला बुधवारी सकाळी. शनिवारच्या संपर्काचे 72 तास मंगळवारीच संपले. सोमवारी पहिल्यांदा संपर्कात आलेल्यांची मुदत गुरुवारी सकाळी संपते. म्हणजे हातात एक दिवस, तोही फक्त शनिवारी गैरहजर असलेल्यांसाठी. मग बाकीच्यांना लस द्यायची कशाला? द्यायचीच, कारण पहिल्या फेरीत ज्यांना लागण झालीच नाही, ते दुसऱ्या फेरीपासून वाचतात. कोणत्या वयापर्यंत द्यायची, शिबिर शाळेत घ्यायचं की केंद्रावर, हे वैद्यकीय अधिकारी ठरवतात. शाळेने बुधवारी दुपारपर्यंत यादी त्यांच्या हातात दिली तर गुरुवारी शिबिर लागू शकतं. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच लसीचा रकाना भरलेला असेल तर ही यादी अर्ध्या तासात निघते. नसेल तर दोन दिवस कार्डं गोळा करण्यातच जातात.

शिबिरात एमआर लसीचा पहिला डोस मिळाला तर दुसरा किमान चार आठवड्यांनी. ती तारीख तिथेच कार्डावर लिहून घ्या. आणि लस नाही म्हणून पटावरून नाव कमी करण्याची धमकी देऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. लस न घेतलेलं मूल काही दिवस घरी ठेवायचं का, हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने, लेखी, आणि तारखेसह.

पालकांना निरोप

दोन वेगळे निरोप करा. सगळ्या शाळेला जाणाऱ्या निरोपात वर्गाचं नाव नको. त्या वर्गाच्या आणि व्हॅनच्या पालकांना मात्र स्पष्ट सांगावं लागतं. नमुना असा:

"नमस्कार. आपल्या पाल्याच्या वर्गात गोवराचा एक संशयित रुग्ण आढळला आहे. 8 आणि 10 फेब्रुवारीला आपलं मूल त्या वर्गात होतं. कृपया आज संध्याकाळी 6 पर्यंत लसीच्या कार्डाचा फोटो वर्गशिक्षकांच्या वैयक्तिक नंबरवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका. 3 मार्चपर्यंत मुलाला ताप, खोकला, नाक गळणं किंवा लाल डोळे दिसले तर शाळेत पाठवू नका, फोन करा. दवाखान्यात जाण्याआधी तिथे फोनवर कल्पना द्या, म्हणजे गर्दीत बसावं लागणार नाही. घरात एक वर्षाखालचं बाळ किंवा गरोदर स्त्री असेल तर आम्हाला आजच सांगा. शाळा नेहमीप्रमाणे सुरू आहे. कोणत्या मुलाला आजार झाला हे विचारू नये, ते सांगितलं जाणार नाही."

शेवटचं वाक्य काहींना उद्धट वाटेल, पण राहू द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना आशाताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतला त्या वस्तीतला सदस्य घरी जाऊन सांगेल. वस्तीत उर्दू, हिंदी, कन्नड बोललं जात असेल तर निरोप त्या भाषेतही. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरात घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले. सक्ती आणि बदनामी दिसली की आजार माळ्यावर जातो, आजही.

घरी आजारी असलेलं मूल

शाळा औषध देत नाही, पण पालक पहिलं विचारतात ते शिक्षकांनाच. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला तर बिघडत नाही. बिघडतं ते दोन समजुतींनी: "गोवर पूर्ण फुटू द्यावा, औषध दिलं तर आत बसतो" आणि "पथ्य पाळायचं, भातावर ठेवायचं". ताप उतरवायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने, ॲस्पिरिन अजिबात नाही. पाणी, पेज, वरण, अंडं, जे खाईल ते थोडं थोडं, नेहमीपेक्षा जास्त वेळा.

जीवनसत्त्व 'अ' चे दोन मोठे डोस लागोपाठच्या दोन दिवशी आरोग्य केंद्रातून मिळतात: सहा महिन्यांखालच्या बाळाला 50 हजार युनिट, 6 ते 11 महिन्यांत 1 लाख, वर्षावरच्याला 2 लाख. त्यामुळे डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोका कमी होतो. वेगाने श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, काही न पिणं, झापड, झटके, बुबुळ धुरकट दिसणं यांपैकी काहीही असेल तर 108 ला फोन.

खरी काळजी शाळकरी मुलापेक्षा त्याच्या घरातल्या सात-आठ महिन्यांच्या बाळाची. त्याची लस अजून झालेली नसते, आणि गोवरानंतरचा न्यूमोनिया त्यालाच गाठतो. म्हणून निरोपातली बाळाबद्दलची ओळ गाळू नका.

पुढचे तीन आठवडे

वर्गशिक्षकांनी रोज पहिल्या तासाला हजेरी घेताना गैरहजेरीचं कारण लिहायचं. "ताप" असेल तर दहा वाजेपर्यंत घरी फोन. 18 तारखेपासून दारातच डोळे आणि नाक बघायचं. ताप मोजायची बंदूक कपाळाला लावून रांग उभी करण्यापेक्षा हे उपयोगी. उन्हातून चालत आलेल्या पोराचं कपाळ तापलेलंच दाखवतं. एक थर्मामीटर ठेवा, शंका असेल त्यालाच लावा.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस या वर्षापुरतं थांबवा. ताप लपवून मुलं शाळेत येतात त्यात या बक्षिसाचा आणि घटक चाचणीचा मोठा हात असतो. चुकलेली चाचणी नंतर घेऊ, असं लेखी कळवा.

बरं होऊन 17 ला परत आलेल्या मुलाला "लांब बस" म्हणू देऊ नका. त्याच्याकडून आता धोका नाही. उलट गोवरानंतर काही महिने त्याची इतर आजारांविरुद्धची ताकद कमी असते, म्हणून खोकला-जुलाब लवकर होतात. खेळाच्या तासाला आठवडाभर सवलत द्या.

हाच आराखडा इतर आजारांनाही चालतो, फक्त दिवस बदलतात. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, आणि लक्ष ठेवायचे 21 दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी. सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नाही, त्यामुळे दोन्ही डोस झालेल्यांनाही ते होऊ शकतं. दूषित पाण्याच्या काविळीत डोळे पिवळे झाल्यापासून आठवडाभर घरी, आणि तिथे खरी तपासणी पाण्याच्या टाकीची. उलटी-जुलाबाची साथ असेल तर हात साबणानेच धुवायचे, सॅनिटायझरवर विसंबायचं नाही; उलटी पडलेली जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, एका लिटरला 15 ग्रॅम, हातमोजे घालून, ताजं कालवून. आदल्या दिवशीचं पाणी निकामी झालेलं असतं.

3 मार्चपर्यंत नवा रुग्ण नसेल तर पालकांना तसं कळवा. नवा रुग्ण निघाला तर त्याच्या पुरळाचा दिवस शून्य धरून कागद पुन्हा मांडा. फाईल बंद करताना तीन कागद आत ठेवा: तारखांचा, संपर्काच्या यादीचा, आणि ज्यांचा दुसरा डोस बाकी आहे त्यांच्या नावांचा. तिसऱ्या कागदाची प्रत आरोग्य सेविकेकडे द्या, तारखा तिच्या वहीत चढलेल्या स्वतः बघा.